रुमाल, फाइल आणि ब्लॉब

आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी स्वतः साधा पदवीधर, आयुष्य फौजेत गेलं, संगणकशास्त्राचा एकही वर्ग केलेला नाही. तरीही या विषयाशी माझी गाठ पडली, कारण फौजेत बंदुकीपेक्षा कागद जास्त चालवावा लागतो. हे कोणी भरतीच्या वेळी सांगत नाही.

प्रश्न असा. ऑफिसमध्ये बसून तुम्ही वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसच्या रायटरमध्ये एक पत्र लिहिलंत. ‘सेव्ह’चं बटण दाबलंत. ते पत्र जातं कुठे? डिस्कवर, एका फोल्डरमध्ये, एक फाइल म्हणून. नाव काय? ‘लेटर नवीन फायनल २’. सहा महिन्यांनी ते कोण शोधणार? म्हणून गेली चाळीसेक वर्षं जगभर काही माणसं एकच खटपट करत आली आहेत: सेव्ह दाबलं की पत्र फोल्डरमध्ये न जाता थेट डेटाबेसमध्ये जावं, आपल्या क्रमांकासह, तारखेसह, विषयासह. या खटपटीचा इतिहास आज सांगतो.

सुरुवात मात्र संगणकापासून करता येत नाही. पुण्यापासून करावी लागते.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात रोजचा प्रत्येक व्यवहार रोजकीर्दीत चढायचा. कीर्द म्हणजे तारखेच्या क्रमानं लिहिलेली वही. आता तारखेच्या क्रमात एक अडचण आहे. अमुक सरदाराला वर्षभरात काय काय दिलं, हे काढायचं तर सगळं वर्ष चाळावं लागतं. म्हणून त्या नोंदी दुसरीकडे विषयवार, नावावार उतरवत. त्याला घडणी म्हणत. म्हणजे एकच नोंद, दोन वाटांनी सापडणारी. आजचा डेटाबेसवाला याला इंडेक्स म्हणतो आणि पगार घेतो. आमच्या फडावरचा कारकून हेच बोरूनं करत होता.

आणि मूळ कागद? ते कीर्दीत चिकटवलेले नसत. ते वेगळे बांधलेले, कापडाच्या चौकोनी रुमालात. म्हणजे नोंद एका जागी आणि कागदाचा देह दुसऱ्या जागी. हा फरक लक्षात ठेवा, आज शेवटपर्यंत लागणार आहे. नोंद आणि देह.

नाना फडणीसांच्या काळात हे दफ्तर शिस्तीत होतं, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची आबाळ झाली. १८१८ नंतर इंग्रजांनी ते ताब्यात घेतलं आणि पुढे इनामांच्या चौकशीसाठी वापरलं; त्या चौकशीचा १८५२चा कायदा प्रसिद्धच आहे. कोणाच्या वाडवडिलांना जमीन खरोखर दिली होती की नाही, याचा निकाल त्या रुमालांतून निघायचा. कागद सापडला तर वतन राहिलं, नाही सापडला तर गेलं. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातून निवड करून ४५ खंड प्रसिद्ध केले. केवढं मोठं काम! पण ४५ खंडांनीही त्या ढिगाचा एक कोपराच उघडला. कारण उघड आहे. रुमालावर प्रांत असतो, साल असतं. आतल्या प्रत्येक कागदात कोणाचं नाव आहे, हे रुमाल सोडल्याशिवाय आणि मोडी वाचता आल्याशिवाय कळत नाही.

नेपियर टाउनमधून आमचं हायकोर्ट जवळ. अजूनही वकिलांचे मुन्शी स्कूटरवर पुढे कापडात बांधलेले बस्ते ठेवून जाताना दिसतात. या कोर्टाची नाळ नागपूरशी आहे. नागपूरचं हायकोर्ट १९३६चं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला आलं. नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला इथले पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. जबलपुरातल्या बऱ्याच मराठी वकिलांच्या घरी ही कथा ऐकायला मिळते. राज्य दुभंगलं की चालू खटलेही दुभंगतात, आणि खटला म्हणजे शेवटी बस्ता. कोर्टाकडे आपण परत येऊ.

आता संगणक. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी एक निबंध लिहिला. माहिती तक्त्यांमध्ये ठेवावी, ओळी आणि रकाने, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध समान किमतीनं जोडावा, ही त्यातली कल्पना. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. पण त्या तक्त्याच्या रकान्यात काय बसायचं? आकडा, तारीख, छोटं नाव. चार पानांचं पत्र, त्यातले ठळक अक्षरांतले मथळे, कोपऱ्यातलं बोधचिन्ह, हे त्यात बसेना.

तो अडसर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीतल्या जिम स्टार्की यांनी काढला. त्यांनी डेटाबेसमध्ये एक असा रकाना आणला की ज्यात आत काय आहे याची डेटाबेस चौकशीच करत नाही. गाठोडं घ्या, जसंच्या तसं ठेवा, मागितलं की जसंच्या तसं परत द्या. नाव ठेवलं ‘ब्लॉब’. त्याच नावाच्या जुन्या भयपटात एक आकारहीन गोळा समोर येईल ते गिळत सुटतो, त्यावरून. नंतर विपणनवाल्यांनी ‘बायनरी लार्ज ऑब्जेक्ट’ असा सभ्य विस्तार चिकटवला. मी तर म्हणतो, ब्लॉब म्हणजे रुमालच. फरक इतकाच की हा रुमाल कीर्दीच्या रकान्यातच शिवलेला असतो.

स्टार्की यांनी पुढे इंटरबेस नावाचा डेटाबेस बांधला. हे नाव लक्षात ठेवा.

दुसरी वाट लोटस नोट्सची. रे ओझी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८४मध्ये काम सुरू केलं आणि १९८९च्या अखेरीस पहिली आवृत्ती आली. नोट्समध्ये फाइल हा प्रकारच जवळजवळ नाही. प्रत्येक पत्र, प्रत्येक टिपण ही डेटाबेसमधली एक नोंद. १९९५मध्ये आयबीएमनं लोटस कंपनी साडेतीन अब्ज डॉलरला घेतली, ती बऱ्याच अंशी या नोट्ससाठीच. पण माणसांचा हात वर्डवर बसलेला. हात बदलणं फार अवघड. फौजेत रायफल बदलली तर जवान महिन्याभरात सरावतो, कारकुनाचा टाइपरायटर बदलला की वर्षभर कुरकुर ऐकावी लागते.

मग शहाण्यांनी ठरवलं: हात वर्डवरच राहू दे, वर्डच्या पोटात प्रोग्राम घालू.

इथे एक प्रसंग सांगतो. १९९८-९९च्या सुमारास मी जिथे होतो तिथल्या ऑफिसात एक हवालदार क्लार्क होता. बारावी पास, तल्लख. ऑफिसात दोन संगणक, वर्ड ९७ आणि ॲक्सेस ९७. ॲक्सेस १९९२च्या शेवटी आलेलं, आणि ९७च्या संचात वर्डलाही व्हिज्युअल बेसिकची पूर्ण भाषा मिळाली होती. या पठ्ठ्यानं डाक रजिस्टर ॲक्सेसमध्ये घेतलं: क्रमांक, तारीख, कोणाला, विषय. इथवर कोणीही करतं. पण मग त्यानं पत्रही आत घालायचं ठरवलं.

युक्ती फार गमतीची होती. वर्डमध्ये ‘फाइलसेव्ह’ याच नावाचा मॅक्रो लिहिला, तर वर्ड आपलं स्वतःचं सेव्ह सोडून तुमचा मॅक्रो चालवतं. म्हणजे टायपिस्टला काही शिकवायलाच नको. तो नेहमीसारखं सेव्ह दाबतो, समोर छोटी खिडकी येते: क्रमांक काय, विषय काय. भरलं की मॅक्रो पत्र तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो, पत्र बंद करतो, ती फाइल तुकड्या-तुकड्यानं वाचून ॲक्सेसच्या रकान्यात ओततो आणि पत्र पुन्हा उघडून देतो. बंद का करावं लागतं? कारण पत्र उघडं असेपर्यंत वर्ड त्या फाइलला कुलूप लावून बसतं, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. हे कुलूप त्याला दोन रात्री छळत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी परेडच्या आधी तो हसत समोर उभा राहिला, तेव्हाच कळलं की सुटलं.

त्यानं आणखी एक गोष्ट बरोबर केली. ॲक्सेसमध्ये वर्डचं पत्र थेट चिकटवायची सोय होती, पण तसं केलं की पत्राबरोबर वेष्टण आणि कधी चित्रसुद्धा आत जायचं, आणि चार पानांचं पत्र फुगून बसायचं. ॲक्सेस ९७च्या फाइलची मर्यादा एक गीगाबाइट. म्हणून त्यानं नुसते बाइट ओतले, वेष्टण नाही.

वर्षभर व्यवस्थित चाललं. मग दोन गोष्टी झाल्या. २६ मार्च १९९९ला मेलिसा नावाचा व्हायरस सुटला, तो वर्डच्या मॅक्रोतूनच पसरणारा. त्यानंतर जगभर ऑफिसांत मॅक्रो म्हणजे संशयित. आणि आमच्या हवालदाराची बदली झाली. तो गेला, मीही पुढे निघालो. नंतर कोणीतरी तो संगणक साफ करून नव्यानं भरला. डेटाबेसची फाइल जपून दुसरीकडे ठेवली होती, पण मॅक्रो वर्डच्या टेम्प्लेटमध्ये होते, ते गेले.

काही वर्षांनी त्याच युनिटमधल्या एका नाइकाच्या विधवेचं पेन्शन अडलं. बाई सातारा जिल्ह्यातल्या. लग्नाची नोंद कागदपत्रांत दिसत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. फौजेत लग्न, मूल, बढती, सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध होतं. ती ऑर्डर नाही तर फौजेच्या दृष्टीनं लग्नच नाही. पत्र गेल्याचं जुन्या माणसांना आठवत होतं. त्या वेळच्या सुभेदारसाहेबांनी मला फोन केला. डेटाबेस उघडला तर नोंद होती: क्रमांक, तारीख, कोणाला, विषय ‘विवाह’ आणि नाइकाचं नाव. पुढच्या रकान्यात पत्र होतं, पण ते बाहेर काढणारी ओळच कोणाकडे उरली नव्हती. गाठोडं समोर, गाठ सोडणारा नाही.

काम झालं ते नोंदीमुळे. क्रमांक आणि तारीख लिहून पाठवल्यावर पलीकडच्या ऑफिसात त्याच क्रमांकानं कागदाची प्रत निघाली. बाईंना पेन्शन सुरू झालं. देह मुका राहिला, नोंद बोलली.

पुढे निवृत्तीनंतर मी या विषयात डोकं घातलं ते या प्रसंगामुळे. पत्र आत घालणं सोपं असतं. दहा वर्षांनी, वेगळ्या माणसाला, वेगळ्या संगणकावर ते बाहेर काढता येणं, ही खरी परीक्षा. आणि त्या परीक्षेत मला वाटतं खुल्या प्रणालीची बाजू फार वरचढ ठरली.

त्याची कथा जर्मनीत सुरू होते. मार्को ब्योरिस नावाच्या शाळकरी वयातल्या मुलानं १९८५मध्ये स्टारडिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस. १९९९मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ती विकत घेतली आणि २०००मध्ये प्रोग्रामचा मूळ मजकूरच जगाला खुला केला. त्याचं नाव ओपनऑफिस. ऑक्टोबर २००५मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिच्यात बेस नावाचा डेटाबेसचा भाग होता. त्याच वर्षी मे महिन्यात ओपन डॉक्युमेंट हे दस्तऐवजाचं स्वरूप मानक म्हणून मान्य झालं, २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. २०१०मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली, कार्यकर्ते अस्वस्थ झाले आणि सप्टेंबरमध्ये वेगळे निघाले. ते लिबरऑफिस.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, पत्राची फाइल. जुन्या वर्डची फाइल म्हणजे बंद पेटी, किल्ली कंपनीकडे. ओपन डॉक्युमेंटची फाइल म्हणजे साधी झिप. विश्वास नसेल तर आज घरी करून बघा: एखाद्या ओडीटी फाइलच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत ‘कंटेंट’ नावाची फाइल दिसेल, त्यात तुमचा मजकूर डोळ्यांनी वाचता येतो. ‘मेटा’ नावाच्या फाइलमध्ये लेखक, तारीख, शीर्षक. म्हणजे पत्र डेटाबेसमध्ये घालताना गाठोडं तर घालाच, पण गाठोड्यातला मजकूर काढून शेजारच्या रकान्यात साधा लिहून ठेवा. मग शोध त्या रकान्यात घ्यायचा. उद्या रायटर नाहीसा झाला तरी झिप उघडणारं काहीतरी असेलच, आणि मजकूर तर बाहेरच आहे. आमच्या हवालदाराकडे हे असतं तर ते पत्र दहा मिनिटांत हाती आलं असतं.

दुसरी गोष्ट, प्रोग्रामिंगची वाट. ओपनऑफिसच्या आत यूएनओ नावाची व्यवस्था आहे. तिच्यातून रायटरला सांगता येतं की हे पत्र डिस्कवर लिहू नकोस, ‘प्रायव्हेट स्ट्रीम’ या पत्त्यावर लिही. म्हणजे पत्र फाइल न होता बाइटांचा प्रवाह होऊन तुमच्या हातात पडतं. तो प्रवाह थेट डेटाबेसच्या रकान्याला जोडा. परत उघडताना उलटं: डेटाबेसमधून प्रवाह घ्या, रायटरला म्हणा, यातून वाच. मध्ये तात्पुरती फाइल नाही, कुलूप नाही. जिथे हवालदाराच्या दोन रात्री गेल्या तिथे पाच-सात ओळींचं काम. फक्त बेसमध्ये सुरुवातीला एक खोट होती. तिचा डेटाबेस स्वतःच एका झिपमध्ये राहायचा, आणि तो परत बांधताना वीज गेली की सगळंच जायचं. जबलपुरात वीज कधी जाते हे मी सांगायला नको. त्यामुळे जाणकार बेसला फक्त दरवाजा म्हणून वापरत. खरा माल बाहेरच्या मोठ्या डेटाबेसमध्ये, पोस्टग्रेस्क्यूएल किंवा मायएस्क्यूएलमध्ये.

आणि आता ते नाव, जे लक्षात ठेवायला सांगितलं होतं. स्टार्की यांचा इंटरबेस २०००मध्ये खुला झाला आणि त्यातून फायरबर्ड जन्मला. २०१४च्या सुरुवातीला लिबरऑफिसच्या ४.२ आवृत्तीत, प्रायोगिक म्हणून का होईना, बेसच्या पोटात हाच फायरबर्ड बसवला. ब्लॉब काढणाऱ्याचा नातू तीस वर्षांनी ऑफिसच्या संचात नोकरीला लागला. इतिहासात असे योग मला फार आवडतात.

मराठी माणसाला मात्र या सगळ्याच्या आधी एक वेगळीच लढाई लढावी लागली. अक्षरांची.

युनिकोडच्या आधी आपण मराठी टाइप करायचो ते कशावर? पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, बंगळुरूची आकृती, सी-डॅकचे फाँट. पडद्यावर झकास मराठी दिसायची. पण फाइलच्या आत मराठी नव्हतीच. आत इंग्रजी चिन्हांचे क्रमांक होते आणि त्यांच्यावर मराठी अक्षरांचे मुखवटे. अर्धा ग वेगळा, त्याचा काना वेगळा. फाँट नसलेल्या संगणकावर उघडलं की कचरा. आता असं पत्र डेटाबेसमध्ये घातलं तर काय होईल? गाठोडं म्हणून राहील. पण शोध? ‘गायकवाड’ शोधायचं तर आधी कोणत्या फाँटातलं हे माहीत हवं. अकारविल्हे लावायला सांगितलं तर यादी कुठल्या क्रमानं लागेल ते देवच जाणे. मोडी वाचता न येणाऱ्यासमोर रुमाल उघडावा, तसं.

खरं तर यावर उपाय आपल्याच देशात निघालेला होता. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्टचं काम केलं, ते १९८८मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. कल्पना अशी की अक्षराचा आकार नव्हे, उच्चार साठवावा. आकार दाखवताना बनवावा. यातून इस्की हे मानक आलं, १९९१ला भारतीय मानक झालं. युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच १९८८च्या रूपावर बेतलेली. पण सर्वसामान्य ऑफिसात युनिकोड मराठी पोचायला विंडोज २००० आणि एक्सपी यावं लागलं. तोवरची दहा-बारा वर्षांची मराठी कागदपत्रं मुखवट्यांतच अडकली. ती सोडवायला आजही कन्व्हर्टर चालवावे लागतात.

बरं, युनिकोड आलं म्हणून भांडण मिटलं का? नाही. आमच्या गावात कऱ्हाडे मंडळी बरीच. ‘कऱ्हाडे’मधला तो ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकदा खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त, एकदा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. तसंच ‘ॲ’चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ला आलं. त्याआधी अ लिहून वर चंद्र ठेवायचो. म्हणजे ‘ॲड. कऱ्हाडे’ हे नाव चार तऱ्हांनी डेटाबेसमध्ये बसू शकतं, आणि एका तऱ्हेनं शोधलं तर बाकीचे तीन वकील गायब. कुठल्याही मराठी दस्तऐवजांच्या प्रणालीत नोंद करण्याआधी मजकूर एकाच सांच्यात आणणारी पायरी हवी. साधी पायरी आहे, आणि तिच्यासाठी खर्च करायला कोणी तयार नसतं, कारण ती दिसत नाही.

आता मूळ वाद. देह डेटाबेसमध्ये ठेवावा की बाहेर? मायक्रोसॉफ्टला एकेकाळी वाटलं, सगळंच आत ठेवू. २००३मध्ये त्यांनी विनएफएस जाहीर केलं: अख्खी डिस्कच डेटाबेससारखी. २००६च्या जूनमध्ये गुंडाळलं. पण त्याच वर्षी त्यांच्याच संशोधन विभागातल्या रसेल सिअर्स, कॅथरिन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी प्रत्यक्ष मोजून एक अहवाल लिहिला. निष्कर्ष रोखठोक. २५६ किलोबाइटपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये चांगल्या, एक मेगाबाइटपेक्षा मोठ्या बाहेर फाइलमध्ये चांगल्या, मधल्यांचं वापरावर अवलंबून. साधं दोन पानी पत्र ओडीटीमध्ये पन्नास किलोबाइटांच्या आसपासही क्वचितच जातं. म्हणजे पत्रांपुरता कौल आत ठेवण्याच्या बाजूनं. स्कॅन केलेले बस्ते मात्र बाहेर. हे जिम ग्रे डेटाबेसच्या दुनियेतले भीष्माचार्य. २८ जानेवारी २००७ला एकटेच होडी घेऊन समुद्रात गेले आणि परत आले नाहीत. उपग्रहांची चित्रं घेऊन हजारो लोकांनी शोध घेतला. सापडले नाहीत.

पोस्टग्रेसवाल्यांनी मोठ्या वस्तूंसाठी २००१मध्ये जी युक्ती केली तिचं नाव ‘टोस्ट’. लांब मजकुराचे सुमारे दोन-दोन किलोबाइटांचे काप करून शेजारच्या तक्त्यात ठेवायचे, मागितलं की जोडून द्यायचे. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. चहाबरोबर खायची गोष्ट आहे असं वाटतं, पण काम पक्कं.

आता कोर्ट. देशातल्या न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी ई-कमिटी २००४च्या अखेरीस नेमली गेली, ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ला सुरू झाला. खटल्यांचा जो प्रोग्राम, केस इन्फर्मेशन सिस्टिम, आज देशभर जिल्हा न्यायालयांत चालतो, तो एनआयसीच्या पुण्याच्या केंद्रानं बांधला. खुल्या प्रणालीवर. न्यायाधीशांच्या लॅपटॉपवर उबंटू दिलं गेलं, त्याबरोबर लिबरऑफिस आपोआप आलं. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, सहा खटल्याचे, चार वर्षाचे. १९ सप्टेंबर २०१५ला राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड जनतेला खुला झाला.

इथे पाहा, पुन्हा तेच दोन भाग. पक्षकार, तारखा, टप्पे, हे सगळं ओळी-रकान्यांत. निकालपत्र मात्र दस्तऐवज, पीडीएफ करून त्या क्रमांकाला जोडलेला. न्यायाधीश काय लिहितो ते रकान्यांत मावत नाही आणि मावूही नये. घडणी आणि रुमाल, आणि दोघांना बांधणारा सोळा अक्षरांचा दोरा.

सातबाऱ्याचं बरोबर उलटं. तोही पुण्याच्या एनआयसीचा. महाराष्ट्रात १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. शेतकऱ्याला वाटतं, आपला उतारा सरकारच्या संगणकात कागदासारखा ठेवलेला आहे आणि त्याची प्रत मिळते. खरं म्हणजे आत असतात त्या नोंदी: गट, क्षेत्र, खातेदार, फेरफार. उतारा त्या नोंदींतून रचला जातो. म्हणून नोंदीत नाव चुकलं की प्रत्येक उताऱ्यात तीच चूक, सहीशिक्क्यासह. आणि नोंद दुरुस्त झाली की पुढचा उतारा वेगळा निघतो. म्हणून कोणत्या तारखेचा उतारा, हे कोर्टात आधी विचारतात.

कायद्याला याची जाण आहे, हे मला बरं वाटतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ७. इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपायचा तर तो पुढे वापरता येईल असा राहिला पाहिजे, ज्या स्वरूपात तयार झाला त्यात किंवा तंतोतंत तसाच दाखवता येईल अशा स्वरूपात राहिला पाहिजे, आणि कुठून आला, कुठे गेला, कधी, याचा तपशील त्याच्याबरोबर राहिला पाहिजे. पहिल्या दोन अटी देहाच्या, तिसरी नोंदीची. आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर हॅशचा रकाना आला आहे. हॅश म्हणजे दस्तऐवजाच्या बाइटांवरून काढलेला ठसा. एक अनुस्वार बदलला तरी ठसा बदलतो. डेटाबेसमध्ये पत्र घालतानाच तो काढून शेजारी लिहून ठेवला तर पुढे वकिलाचं काम अर्धं होतं.

मी इथे नेपियर टाउनमध्ये माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो. रायटरमध्ये लिहायचा, सेव्ह दाबलं की पोस्टग्रेसमध्ये जातो. तक्ता एकच: क्रमांक, तारीख, कोणासाठी, कोणाला, विषय, साधा मजकूर, गाठोडं, ठसा. मॅक्रो कागदावर छापून त्याच कपाटात ठेवले आहेत, वर लाल दोरी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअप दुसऱ्या संगणकावर चढवतो आणि त्यातलं कुठलं तरी एक जुनं पत्र उघडून बघतो. या महिन्यात ते काम शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला दिलं होतं. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं, फक्त छापील कागद हातात दिला. पत्र तिनं उघडलं. चहा गॅसवर होता तोवर.